मेन्फोरे

कागदोपत्री तो धातूच. ॲल्युमिनियम.
काचेच्या चकतीवर चढवलेला थर,
नखाने खरवडला तर निघून यावा इतका पातळ.
आत मात्र सलग काही नाही:
कण, कणाभोवती ऑक्साइडची साल,
सालीपलीकडे पुन्हा कण.

ओतानिएमीच्या तळघरात रात्रीचे सव्वादोन.
पंप धापा टाकतोय.
गुनवोर वहीत तापमान लिहिते, शेजारी रोध.
चार केल्विन. दोन. रोध चढतोच आहे.

साध्या तारेला थंडी मानवते,
यांना नाही.
इथे प्रत्येक कणाला
एक जास्तीचा पाहुणाही जड होतो.
तो आत बसला की दुसऱ्याला दार उघडत नाही,
आणि दार ढकलायला लागणारी ऊब
आम्हीच काढून घेतोय, घोट घोट.

मग ते आडवाटा धरतात.
शेजारचं बेट सोडून दूरच्या बेटावर उडी,
कारण तिथला धक्का आपल्या होडीच्या उंचीचा.
किंवा एक पुढच्या दाराने शिरतो
त्याच श्वासात दुसरा मागच्याने निघतो,
आणि मधल्या घराचा हिशेब जिथल्या तिथे.

गुनवोरचे वडील कोर्पोच्या बेटांवर टपाल न्यायचे.
"तुझ्या कणांचं उलटंच," ती म्हणते,
"आमच्याकडे थंडी पडली की रस्ते व्हायचे.
सगळा समुद्र पायाखाली."
मग काटा बघत थांबते.
"पण त्याआधी काही आठवडे यायचे,
बर्फ होडीला फार, माणसाला कमी.
त्याला आम्ही मेन्फोरे म्हणतो.
बाबा तेव्हा होडीच ढकलत न्यायचे बर्फावरून,
एक पाय आत, एक बाहेर.
फुटला तर होडीत. नाही फुटला तर पुढे."

सिग्ने लिंडरूसच्या मुलाने एकदा
गोथेनबर्गहून लिहिलं होतं, मी येतोय.
पत्र अडकलं एकवीस दिवस.
शेवटी तोच आला, टपालाच्या होडीला खांदा देत,
स्वतःचं पत्र स्वतःच्या खिशात घेऊन.
आईने आधी पत्र वाचलं म्हणे,
मग त्याला आत घेतलं.

शून्य पूर्णांक तीन.
काटा हलत नाही.
मी म्हणतो, संपलं, बंद करू या.
"थांब," ती म्हणते, "अजून ढकलत असेल कुणीतरी."
रोधाच्या रकान्यात काहीच लिहीत नाही,
जागा मोकळी सोडते,
आणि कॉफी ठेवायला उठते.