दोन दिवस पाणी

शासन निर्णयात लिहिलंय:
घरात पाणी सलग दोन दिवस साचलेलं असावं.
दिव्याच्या खाडीला हा निर्णय
कुणी वाचून दाखवला नसावा.
रात्री एकच्या भरतीला ती आली
आणि दुपारी चिखल ठेवून निघून गेली.
बारा तास. फार तर तेरा.

मी तलाठी, सजा साबे.
टेप, शिक्का, कोरे फॉर्म,
पायात मेव्हण्याचे गमबूट, एक नंबर मोठे.

एकवीरा चाळ, खोली सात.
अनसूया घवाळी भिंतीवरची रेघ दाखवतात,
पट्टीने मारल्यासारखी सरळ.
मी टेप लावतो: तीन फूट दोन इंच.
साहेब, चार लिहा.
बाई, उंची नाही विचारत. तास विचारतात.
त्या रेघेकडे बघतात.
रेघेवर तास कुठे असतात?

मालकीचा पुरावा? वीजबिल आहे.
घरपट्टीची पावतीही आहे,
तिच्यावर 'अनधिकृत' असा शिक्का.
सातबाऱ्यावर ही जागा अजून खाजण.
म्हणजे कागदाप्रमाणे
पाणी आपल्याच घरी आलं होतं
आणि घवाळीबाई त्याच्या वाटेत
पिठाचा डबा डोक्यावर धरून उभ्या होत्या.

दारात बसलेली दामीबाय भोईर म्हणाली,
खाजनाला बांध व्हता तवा
पानी इचारून येयाचं.
फॉर्मवर याला रकाना नव्हता.

नाल्याच्या अलीकडे एक प्रभाग, पलीकडे दुसरा.
नाला एकच, पाणीही एकच.
अलीकडचे नगरसेवक सत्तेत,
पलीकडचे दिवाळीपर्यंत होते.
संध्याकाळी याद्या आल्या.
अलीकडची टाइप केलेली, तीनशे बारा नावं,
त्यात दोघं तिसऱ्या मजल्यावरचे.
पलीकडची वहीच्या कागदावर, अजून ओली.
वरून फोन: वस्तुस्थितीच लिहा तुम्ही,
फक्त आधी यादी बघून घ्या.

तांदूळ पहिल्याच दिवशी गोदामात पोचला होता.
पिशव्यांवर फोटो छापून यायला दोन दिवस लागले.
सलग.

वाटपाला मंडप होता, आणि थर्माकोलचा चेक,
चार फुटी. एक टोक साहेबांकडे,
दुसरं दामीबायकडे. हसा आजी.
फोटो झाला, तिच्या नावाचं स्टिकर सोललं,
पुढच्याचं चिकटवलं.
ती हात तसेच पुढे धरून
थोडा वेळ उभी राहिली.

त्या रात्री मी फॉर्म पूर्ण केले.
'पाणी साचल्याचा कालावधी'.
तिसऱ्या दिवशी घवाळीबाईंनी गादी पिळली तेव्हा
मी तिथे होतो. पाणी निघालं, काळं, भरपूर.
मी लिहिलं: तीन दिवस.
गादी, असं कंसात लिहिलं. नसतं लिहिलं तर चाललं असतं.
पण नोकरीची सव्वीस वर्षं झाली,
कंसाची सवय जात नाही.

प्रकरण परत आलं, लाल शाईत:
गादी म्हणजे घर नव्हे. खुलासा करावा.

खुलासा केला. त्यावर खुलासा मागवला.
मधे आचारसंहिता लागली, उठली.
पलीकडचे अलीकडे आले,
त्यांची वहीची यादी आता टाइप झालीय म्हणतात.

मार्चमध्ये दुसऱ्याच कामाला त्या गल्लीत गेलो.
खोली सातला नवा रंग, पिस्ता,
छतापासून रेघेपर्यंत.
रेघेखाली भिंत तशीच, चिखलाची.
रंग कमी पडला का, बाई?
नाही हो, एक डबा उरलाय.
तुम्ही म्हणाला होता ना,
वरून कुणीतरी परत बघायला येतील.