रिमी पगार, पहिला अल्बम

सरांनी ब्रीफ वाचून दाखवलं:
कलाकार काल्पनिक हवा. गाणी असायची गरज नाही.
बारा इंची आवरण, आत घडीची पुस्तिका,
कणा तीन मिलिमीटर. सोमवारी सकाळी दहाला ज्यूरी.

मी नाव ठेवलं रिमी पगार.
कुलथे सर हसले, पगार आडनावाची पॉपस्टार?
म्हटलं, सर, आमच्या कळवणकडं गल्लीला चार घरं पगारांची,
त्यातली एखादी गात असेलच की.

तर रिमी तेवीस वर्षांची. वाढली सिडकोत.
केस कानापर्यंत, डाव्या भुवईत खाच.
ती खाच हेमांगीची, माझ्या मावसबहिणीची,
फोटोला उभी राहिली म्हणून आपोआप आली.
गोदाघाटावर प्री-वेडिंगवाल्यांची रांग,
म्हणून तिला सातपूरला नेलं, पप्पांच्या कारखान्यात,
जिथं द्राक्षांचे खोके अजून खोके झालेले नसतात,
नुसते सपाट, एकावर एक, छताला टेकत आलेले.
त्या तपकिरी भिंतींमधे हेमांगी चंदेरी जाकिटात.
रात्रपाळीच्या गांगुर्डेकाकांनी हॅलोजन धरला
आणि तिसऱ्या फोटोनंतर हळूच विचारलं,
ही टीव्हीवर असते का?
मी म्हटलं, यायचीय अजून.

अल्बमचं नाव: एक्स्पोर्ट रिजेक्ट.
गाण्यांची नावं रविवारी दुपारी, एका दमात:
मायको सर्कलचा सिग्नल, दोन मिनिटं दहा.
साखर कमी भरली, तीन चाळीस.
तुझं व्हॉट्सॲप स्टेटस, चार पाच.
चौथ्याला नाव सुचेना. वेळ मात्र आधीच लिहिलेली,
सहा मिनिटं. एवढं लांब तिला काय म्हणायचं होतं
कोण जाणे. ते तसंच सोडलं.

आभाराच्या पानावर डमी मजकूर टाक, सर म्हणाले होते,
तो कोणी वाचत नाही.
कोणी वाचत नाही तर मग खरंच लिहावं:
हॅलोजनसाठी काका. जाकिटासाठी वहिनी,
तिला अजून माहीत नाही.

रात्री पप्पांनी मापं पाहिली, चष्मा कपाळावर ढकलून.
कणा तीनचा धरलास, आणि बोर्डाची जाडी?
दहादा उघडलं की इथून फाटणार.
बावीस वर्षं खोके केलेत त्यांनी,
जे एकदाच उघडतात, कुठल्याशा थंड बंदरावर,
आणि मग कोणाचेच नसतात.
ठेवायचं म्हणून केलेलं हे पहिलंच.
घडीवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिले,
एकदा, परत एकदा,
आई जेवायला हाक मारून थकली.

आत काय जाणार?
काही नाही. रिकामं चालतं म्हणाले.
रिकामा माल दबतो, पप्पा म्हणाले,
आणि कटर घेऊन बसले.
पातेल्याच्या झाकणाभोवती पेन फिरवून
पुठ्ठ्याची गोल तबकडी कापली,
एका बाजूचा कागद ओला करून सोलला,
आतल्या लाटा उघड्या पडल्या, सरळ, शेतातल्या सऱ्यांसारख्या.
मधे भोक पाडायला माझा कंपास.

सोमवारी ज्यूरीत सरांनी कव्हर उलटसुलट केलं,
रंग ठीक, अक्षरं जरा दाट,
उजवीकडं ब्लीड कमी, कडेला पांढरी रेघ दिसतेय.
मग तबकडी बाहेर ओढली.
काही बोलले नाहीत. नख लावलं
आणि लाटांवरून आडवं ओढलं:
खर्रर्रर्र.
मागच्या बाकावरून कोणीतरी, वन्स मोअर.
सरांनी खरंच पुन्हा वाजवलं.

उलटी केली तर मागं कारखान्याची छपाई,
वर जाणारे दोन बाण, खाली निळ्या शाईत
धिस साइड अप.
ही साइड बी का? त्यांनी विचारलं.
हो म्हटलं. त्यावर नाव नसलेलं गाणं आहे.
वहीत काहीतरी लिहिलं त्यांनी.
ब्लीडचे दोन मार्क गेले.