रकाना क्रमांक सात

शिनोरच्या घाटावरून गुंदीबेट दिसतं
ताटात डावीकडे वाढलेल्या चटणीएवढं.
बडोद्याहून पहिल्या बसनं निघालं
तरी होडीसाठी तासभर थांबावं लागतं,
कारण रायसिंग माछी आधी दुधाचे कॅन अलीकडे आणतो,
मग मास्तरांना नेतो,
मग सरकारला.
त्या दिवशी सरकार म्हणजे मी,
खांद्याला पिशवी, पिशवीत एकेचाळीस फॉर्म.

माणसं किती, गुरं किती, संडास आहे का,
आणि रकाना क्रमांक सात :
पूल हवा का? हो / नाही.
एकावरच खूण करावी.

वाटलं होतं, नावाडीच नाही म्हणेल,
त्याचं पोट वल्ह्यावर.
रायसिंग म्हणाला, हो लिहा, ठळक लिहा.
बत्तीस वर्षं मला रात्र अशी नाहीच.
कुणाला कळा सुटल्या, हाक.
कुणाला पान लागलं, हाक.
कुणाचा जावई समोरच्या काठावर टॉर्च हलवतो
आणि मी भरल्या ताटावरून उठतो.
एकदा होऊ दे पूल,
मग मीही जरा आजारी पडून बघणार आहे.

तरलिका, उपकेंद्रातली नर्स.
तिचं उत्तर मी न विचारताच लिहून टाकलं होतं.
ती म्हणाली, खोडा.
माझ्या माहेरी झाला ना पूल.
त्या वर्षी अॅम्ब्युलन्स आली तीनदा,
रेतीचे डंपर रोज, रात्रीसुद्धा.
आता तिथं पोरांना नदीवर पाठवत नाहीत.
मी म्हटलं, आणि अडलेली बाई?
ती गप्प झाली. औषधांची पेटी उगाच उघडून पुन्हा लावली.
म्हणाली, तरी खोडा.
सरकारी फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.
मी खोडलं, शेजारी सही केली.

शनीमाचं वय कुणालाच ठाऊक नाही.
तिनं विचारलं, सर्वेवाळां बेन,
पूल कुठून सुरू होणार, तुमच्याकडून का आमच्याकडून?
म्हटलं, दोन्हीकडून एकदम.
मग नीट बघा, म्हणाली,
मध्ये चुकामूक नको व्हायला.

संध्याकाळी बेरीज केली.
तेवीस हो. चौदा नाही.
चार घरांना कुलूप, माणसं सुरतेला.
ती पूल नव्हता म्हणून गेली,
का पूल असता तर आणखी आधी गेली असती,
यासाठी रकाना नव्हता.

परतताना धरणातून पाणी सोडलेलं.
कुणीतरी विकलेली म्हैस होडीला दोरानं बांधून
आमच्याबरोबर पोहत येत होती,
नाकपुड्या तेवढ्या वर.
मालक तिला पूर्ण वाटभर काहीतरी सांगत होता.
काठावर ती अंग झाडून उभी राहिली
आणि वळून बेटाकडे बघेना,
उलट माझ्या पिशवीकडेच बघत राहिली.
रायसिंगनं पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, पुलाच्या खात्यात लिहा.

घरी पोचायला साडेनऊ.
आमच्या गल्लीत आता मराठी पाट्या दोनच उरल्यात,
त्यातली एक आमची, तिचाही काना उडालेला.
आजेसासरे इथे आले तेव्हा
या घरात भाजीवालीपुरतं गुजराती होतं,
ओट्यावर उभं राहून बोलायचं, आत आणायचं नाही.
नंतर कुणी खांब रोवले, कधी रोवले,
कुणी आम्हाला विचारायला आल्याचं आठवत नाही.
आलं असतं तर मीच हो म्हटलं असतं,
मुलीच्या शाळेसाठी,
आणि बाजूला सहीसुद्धा केली असती.

लेक क्लासहून येते, चप्पल भिरकावत विचारते,
मम्मी, जमवामां शुं छे?
मी म्हणते, पिठलं.
तिला कळतं. ती हात धुते.
फॉर्मचा गठ्ठा टेबलावरून उचलून बाजूला ठेवते.

मी पान वाढते,
डावीकडे चटणी.
ती आधी तीच संपवते.