सुरगाठ

आधी कवेलू उतरवायचे,
आढ्याकडून वळचणीकडे, रांग न मोडता.
घालताना जे शेवटी आलं ते काढताना पहिलं.
एवढंच शास्त्र, असं लटारू मिस्त्री सांगतो
आणि तंबाखूची चिमूट ओठाआड दाबून शिडी चढतो.

मोहाळीची जुनी धानगिरणी उकलायला आम्ही सहाजण.
मालक ब्रह्मपुरीला. जेसीबीवाल्याचा फोन येऊन गेलेला:
दोन तास, साडेतीन हजार, जागा साफ.
मिस्त्रीनं मागितले आठ दिवस.
मिळाले पाच.

माझं काम विटा सोलायचं.
शेकड्याला साठ रुपये.
वाकसाच्या बोथट कडेनं एक फटका
की जुना चुना सुटतो,
भाजल्या शेंगेचं टरफल सुटावं तसा,
आणि वीट अख्खी, लाल, जरा लाजल्यासारखी.
पण ऑफिसची खोली मागाहून वाढवलेली, सिमेंटात.
तिथली वीट सुटत नाही, तुटते.
अर्धी भिंतीत, अर्धी माझ्या हातात,
आणि अर्ध्या विटेचे पैसे नाहीत.

"चुना धरते, पर सोडते बी,"
मिस्त्री वरूनच बोलतो.
"सिमेटाले सोडनं शिकवलंच नाही कोनी."

तिसऱ्या दिवशी मोठी मयाल खाली आली,
दोरावर, दोघं इकडे, दोघं तिकडे,
कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.
ऐनाची. सोळा फूट.
अंगावर तीन तऱ्हेची भोकं.
चौकोनी, ती गिरणीची, आत्ता रिकामी झालेली.
लांबट, त्याच्या आधीची, ठोकळ्यांनी बुजवलेली.
आणि टोकाला एकच गोल.
मिस्त्रीनं त्यात बोट घातलं, बोटाचा वास घेतला.
"झुल्याचं असंल. नाहीतर गाडीचं."
मग म्हणाला, "मले का मालूम?
मी का तिच्या बारशाले होतो?"
पुस्तकला एवढी हसली
की डोक्यावरचं घमेलं सांडलं.

खिळा एकही नाही.
सगळं पाचरीवर,
आणि प्रत्येक पाचरीची शेपटी
दोन बोटं बाहेर ठेवलेली.
मागून हातोडीचा टोला दिला
की सांधा सुस्कारा टाकून मोकळा.
"एवढं लाकूड बाहेर कायले वाया घातलं?" मी विचारलं.
"तुह्यासाठी."
एवढंच म्हणाला, आणि पटाशी मागितली.

माय धानाच्या पोत्याला सुरगाठच मारायची.
मी निरगाठ मारली की टपली बसायची:
उद्या तूच सोडशील दातानं.
सात वर्षांची होते. दात पडत होते.
त्यामुळे नीट लक्षात राहिलं.

मजुरीचे पैसे घेतले नाहीत, विटा घेतल्या.
अकराशे. आणि खिडकीपुरतं लाकूड.
घरकुलाचा पहिला हप्ता आलेला,
फोटो काढायला आलेला पोरगा विटांकडे बघून म्हणाला,
"काकू, ह्या वापरलेल्या आहेत."
हो म्हटलं. तुझे आईबाबाही कोणीतरी वाढवलेलेच आहेत ना.
त्याला समजलं नाही. मलाही पुरतं नाही,
पण बोलून झालं होतं.

वर स्लॅब आहे. तो नियमच आहे,
आत सळया एकमेकींना मिठी मारून बसल्यात,
त्यांना कोण सोडवेल ते मी बघायला नसेन.
स्वयंपाकाची मागची खोली मात्र चुन्यात,
वर गिरणीचे कवेलू,
आणि खिडकीची चौकट पाचरीवर,
शेपट्या बाहेर.

"माय, कापून टाकू का हे?" पोरगा विचारतो.
"येता-जाता शर्ट अडकते."

अडकू दे.

मयाल कुठे गेली ते विचारू नका.
कुणी म्हणतं नागभीडला, कुणी म्हणतं वडशाला,
नाटकाच्या मांडवाखाली.
एक चौथं भोक पडलं असेल तिला एव्हाना.
माझ्याकडे शंभरेक विटा उरल्यात,
पुस्तकलाला चुलीसाठी द्यायच्या आहेत.
मातीत रच, म्हणून सांगितलंय.