दुधाला कळता कामा नये

गाडी नवी. अजून नाव ठरायचंय, नंबर तात्पुरता,
अंगभर काळीपांढरी वेटोळी चिकटवलेली,
आकार कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून.
डिझेल इंजिन पहाटेच्या गारठ्यात दोनदा खाकरलं
आणि मग गप्प बसलं.

मागच्या सीटवर बाबा. इद्वल प्रॉसर, वय एक्क्याऐंशी,
खुब्यात दोन स्क्रू,
हातात चहाचा कप, झाकण नसलेला.
"झाकण लावा की," म्हटलं.
"मग तुला कळणार कसं?" म्हणाले.

रेयडर सोडलं की रस्ता एलानच्या माळावर चढतो.
दोन्हीकडे ओलं गवत, मेंढ्या, त्यांच्या पाठीवर निळ्या खुणा.
डांबराला इतकी ठिगळं की मूळ रस्ता कुठला
ते कौन्सिललाही सांगता येणार नाही.
मी याच रस्त्यासाठी आले.
कॉव्हेंट्रीत सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या वागतात.

कॉव्हेंट्रीतल्या बैठकीत एकजण म्हणाला होता,
"स्प्रिंग आणखी कडक हवी. गिऱ्हाइकाला
मणक्यात कळलं पाहिजे पैसे कुठे गेले ते."
सगळे हसले. मीही हसले, हे लिहून ठेवते.

बाबांनी चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला
याच डोंगरांतून.
भरलेला सोपा, ते सांगतात, रिकामा त्याहून सोपा.
अर्धा भरलेला मात्र जिवंत असतो.
ब्रेक दाबला की दूध पुढे धावतं,
टाकीच्या भिंतीवर आदळतं, मागे जातं, पुन्हा येतं,
आणि तू थांबलीस असं तुला वाटत असतं तेव्हा
गाडीला वीतभर पुढे सारतं.
म्हणून असं थांबायचं,
दुधाला कळता कामा नये.

गुरं अडवायची लोखंडी जाळी आली. चाकं तिच्यावरून गेली
ती फक्त आवाजातून कळली.
आरशात पाहिलं: कप स्थिर, बाबा खिडकीबाहेर.
पोटातलं पाणी हललं नाही.
एक उंचवटा, गाडी वर गेली,
खाली आली ती एकदाच,
दुसऱ्यांदा डोलली नाही.
मला उगाच अभिमान वाटला, जणू रस्ता मीच घडवला होता.

मग कुमिस्टविथच्या उतारावरचं ते डावं वळण.
मोडक्या शिशाच्या खाणी, राखाडी ढिगारे,
आणि माझ्या उजव्या पायात बैठकीतलं ते हसू.
जरा जास्त वेगात आत शिरले.
पुढच्या चाकांवर डिझेलचं वजन असतं,
नाक जड, ते सरळच जाऊ पाहतं
घरी निघालेल्या बैलासारखं.
स्टीयरिंग हातात हलकं झालं. क्षणभरच.
मग टायरांनी रस्ता पुन्हा धरला, आणि गाडी वळली,
छान वळली खरं तर.
या वळणाला मी नऊ गुण दिले असते.

मागून काहीच आवाज आला नाही.
आरशात बाबा पँटवरचा चहा रुमालानं टिपत होते,
हळूच, मला दिसू नये अशा बेतानं.

डेव्हिल्स ब्रिजला थांबले. असं थांबले
की इंजिन बंद झाल्यावरच त्यांनी विचारलं, "आलो का?"
मी फॉर्म काढला. आराम, दहापैकी. वळणावरची पकड, दहापैकी.
मागच्या प्रवाशाचा अभिप्राय.
"सात," बाबा म्हणाले.
"तीन कशाचे कापले?"
"एक सीटचा. फार खोल आहे, माझ्यासारख्याला उठवत नाही."
"आणि दोन?"
त्यांनी गुडघ्यावरच्या डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"ते गाडीचे नाहीत," म्हणाले. "ते तू लिहू नकोस."

मी फॉर्मवर नऊ लिहिलं. खोडलं.
परतीच्या वाटेवर त्या वळणाला
कप रिकामाच होता,
तरी मी तो अर्धा भरलेला धरून चालवलं.