एकोण

फुजैरात रात्रीचे साडेनऊ, शिरोळात अकरा.
बँकेनं सहा आकडे पाठवलेत
माझ्या जुन्या नंबरवर,
आणि तो नंबर राहतो अण्णांच्या उशाखाली,
दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज खाऊन.

“आला का?”
“थांब, चष्मा लावू दे की.”
स्क्रीनवर तीन मिनिटं उलटी पळतायत.
“हं. सत्तेचाळीस. एकोणऐंशी. त्रेसष्ट.”

अण्णा साखर कारखान्यावर काटा-क्लार्क होते,
बत्तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या.
सुटा आकडा वाचता येत नाही असं नाही,
पण तसं वाचणं त्यांना
पोतं फोडून दाणे मोजल्यासारखं वाटतं.
आणि मी, चौदा वर्षं इथे
फोर सेव्हन, फोर सेव्हन करत जगलेली,
एकोणऐंशीपाशी अडते.
ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे?
“अगं, ऐंशीला एक कमी!”
तोवर वेळ संपलेली.
पुन्हा पाठवू का, निळं बटण विचारतं.

सगळा खटाटोप कशाचा, तर
जयसिंगपूरच्या दोन खोल्यांची घरपट्टी,
तिथल्या कंपाउंडरचं भाडं,
ठेवीच्या व्याजातून आधीच कापलेला कर
आणि त्यातले परत मिळण्याजोगे
तीन हजार एकशे चाळीस रुपये.
इथे पगाराला कर नाही म्हटलं
की गावाकडचे डोळे मोठे करतात.
त्यांना कुठं माहीत,
इथल्या नोटेवरचा पाच
हुबेहूब आपल्या शून्यासारखा असतो,
आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका,
पेन झटकल्यावर पडावा तसा.
हातात पाच आहे की काहीच नाही,
पहिली दोन वर्षं मला कळायचं नाही.

टायपिंग सेंटरचा नौफल दुपारी म्हणाला,
मॅडम, खातं अनिवासी करून घ्या, नाहीतर पुढं त्रास.
अनिवासी.
पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं होतं,
हा शब्द भुतांसाठी असावा.

फॉर्म विचारतो, वर्षभरात भारतात किती दिवस होता?
एकशे ब्याऐंशीवर रेघ मारलेली.
पासपोर्टचे शिक्के उजेडात धरून मोजले.
मे महिन्यात बारा.
नोव्हेंबरात सात, आईच्या मोतीबिंदूला.
“किती भरले गं?”
“एकोणीस.”
पलीकडे काही नाही, नुसता पंखा.
“विसाला एक कमी,” अण्णा म्हणाले,
काट्यावर पावती फाडावी तशा आवाजात.

एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास…
इतकी वर्षं म्हटले हे आकडे, ऐकले कधी नाहीत.
प्रत्येक दहाच्या दारात आपली भाषा
पंगत वाढून थांबल्यासारखी थांबते,
एक यायचाय अजून.
फक्त नव्व्याण्णवाला धीर निघत नाही,
आलेत तेवढ्यांना घेऊन ते जेवायला बसतं.

बाल्कनीतून जहाजं दिसतात,
बंदराबाहेर नांगर टाकून, दिवे लावून,
आत कधी घेतील याची वाट बघत.
त्यांचा कर कुठला देश घेतो, देव जाणे.

“आला, आला. लिही.
बावन्न. अठरा. एकोणसाठ.”
पाच दोन. एक आठ.
साठाला एक कमी.
बोट चुकलं नाही.
हिरवी खूण आली, घरपट्टी भरली,
नगरपालिकेनं मला श्री. म्हणून धन्यवाद दिले.

“झालं?”
“झालं.”
“मग ठेवू? का अजून एक यायचाय?”
रिटर्नचं काम उद्यावर टाकलं होतं मी,
आज रात्री आता कुठला आकडा येणार नव्हता.
“यायचाय,” म्हणाले.
“बरं,” अण्णा म्हणाले,
आणि चष्मा काढला नाही.