फाशांना दोष देता येतो

ग्युम्रीतली शाळा, दुसरीचा वर्ग.
एप्रिल लागला तरी कुंपणाशी काळपट बर्फ,
आत हीटरवर वाळणारे हातमोजे.
फळ्यावर टांगलेल्या हिरव्या पटात मोहरी खोचता खोचता
शूशानिकबाई विचारतात,
"खरं सांगा, बुद्धिबळ कोणाकोणाला आवडतं?"

बावीस हात वर.
बाईंच्या विषयाला हात वर करायचा असतो
एवढं दुसरीतही कळतं.
झारुहीचा हात कानापर्यंत येऊन थांबलेला.
वाहेचा बाकाखाली.
"मला फुटबॉल," तो म्हणतो,
"त्यात हरलं तर अकरा जण हरतात."

बाई बोटांवरचा खडू झटकतात. बराच वेळ झटकतात.

सांगायचं राहिलं :
आपला हत्ती इथे नाव असतो,
आणि आपला उंट, हत्ती.
ज्या देशाला वीतभर समुद्र नाही
तिथे प्रत्येक पटाच्या चार कोपऱ्यांत
चार नावा नांगर टाकून,
पाणी कुठे आहे असं कुणीच विचारत नाही.

संध्याकाळी इमारतींच्या मधल्या चौकात
पत्र्याखाली नर्दीचा डाव.
नर्दी म्हणजे आपल्या सारीपाटाची
दूरदेशी दिलेली मावसबहीण.
फासे लाकडावर आपटतात, सोंगट्या खडाखडा सरकतात,
"शेश-बेश!" मिसाक ओरडतो,
वरच्या मजल्यावरून कुणाची तरी बायको ओरडते त्याच्यावर.
गेघाम हरला की आधी फाशांना शिव्या घालतो,
मग वाऱ्याला,
मग दुपारच्या जेवणातल्या लसणाला,
आणि पुन्हा डाव मांडतो.
या चौकात न हरलेला माणूस नाही
आणि हरून गप्प बसलेलाही नाही.

शूशानिकबाई वह्यांची पिशवी खाली ठेवतात,
वडिलांना म्हणतात, "उठा, मी बसते."
गेघामकाका हसतो, "बुद्धिबळाची मास्तरीण, आणि फासे?"
त्या फासे मुठीत घोळवत राहतात.
काय सांगायचं याला?
सोळाव्या वर्षी, येरेवानमधल्या थंडगार सभागृहात,
समोरची मुलगी बरोबरीला तयार होती, जवळजवळ रडत होती,
आणि आपण नको म्हणून
एक प्यादं पुढे सरकवलं.
एकच घर.
फासे असते तर विसरून गेलो असतो.
लसूण असता तरी.
पण ते प्यादं आपल्याच दोन बोटांनी उचललं होतं,
आणि पंचवीस वर्षांनी, कणीक मळतानासुद्धा,
ती दोन बोटं मध्येच थबकतात.

"दु-शेश!" फासे पडतात. चौक टाळ्या वाजवतो.
छान वाटतं. खरंच छान वाटतं.

गुरुवारी वाहे झारुहीकडून
अकराव्या चालीत मात खातो.
बाई खिशातला रुमाल चाचपतात.
तो रडत नाही. पटाकडे बघतो, मग विचारतो,
"नक्की कुठे?"

मग ते मागे मागे जातात.
नाव परत, घोडा परत,
मेलेली प्यादी डबीतून उठून आपापल्या घरी.
आठव्या चालीपाशी वाहे बोट ठेवतो : "इथे."
चेहऱ्यावर असं काही,
जसं हरवलेला मोजा पलंगाखाली सापडावा.
फुटबॉलमध्ये हे होत नाही, तो कबूल करतो.
आवडलं असं मात्र म्हणत नाही.

घंटा होते. वर्ग रिकामा.
वाहे दप्तर भरतोय, सावकाश, नेहमीसारखा.
बाई पटावर काही मोहरी मांडतात,
न बघता, पाठ असलेल्या पत्त्यासारखी,
आणि ते प्यादं, अजून न हललेलं.
"इथे तू काय केलं असतंस?"

तो एका पायावर उभा राहून बघतो,
दुसऱ्या पायात बूट घालत,
आणि सरळ नाव उचलून
शत्रूच्या तोंडात नेऊन ठेवतो.

चाल साफ चुकीची आहे.
पण पंचवीस वर्षांत
बाईंना ती एकदाही सुचली नव्हती.